घसरणारं रबर आणि नऊ वॅटचा सर्व्हर

माळ्यावरच्या खोक्यातून अकरा व्हीएचएस कॅसेट निघाल्या. त्याच खोक्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेला, त्या वाजवणारा व्हीसीआरही होता. आई म्हणाली, "बघ ना गं, एकदा तरी दिसतील का." मी म्हटलं, "त्यात काय, दोन रविवारांचं काम." या वाक्याला आता पाच महिने होतील.

बेत असा: कॅसेट संगणकात उतरवायच्या, लॅपटॉपचा घरचा सर्व्हर करायचा आणि त्यावरून त्या टीव्हीवर बघायच्या. हाताशी सामान होतं ते असं: कॅसेट गिळणारा व्हीसीआर, पडदा फुटलेला लॅपटॉप, आणि 'ताई, आवाज येतो, चित्र नाही, बघ तुला जमतंय का' असं म्हणून भावाने माझ्याकडे आणून टाकलेला टीव्ही. नवी घ्यायची ती फक्त हार्ड डिस्क, बाकी आहे तेच दुरुस्त करून चालवायचं असं ठरवलं. त्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं, पैसे नव्हते. कॅसेट बाहेर देऊन डिजिटल करून घेता आल्या असत्या. पण तासाप्रमाणे आकारणी, त्यात अकरा कॅसेट, म्हणजे तो एकटा हिशेबच माझ्या सगळ्या बजेटच्या वर जात होता. शिवाय आमच्या घरातले कपडे-केसांचे नमुने परक्या माणसाने बघावेत हे बाबांना पसंत नव्हतं.

व्हीसीआरचं दुखणं अगदी ठरलेलं होतं. प्ले दाबलं की आत घरघर, चार-पाच सेकंद चित्र, आणि मग मशीन आपणहून बंद. इजेक्ट केलं की कॅसेट बाहेर यायची, पण फितीचा एक वेढा आतच अडकून लोंबत राहायचा. पहिल्यांदा मी तो घाईने ओढला आणि बोटभर फीत कायमची चुरगळली. सुदैवाने ती कॅसेट टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कुठल्याशा मॅचची होती. चाचणी नको असलेल्या कॅसेटवर करायची असते, हे मला ठाऊक होतं म्हणून नव्हे, ती वर होती म्हणून हाती लागली.

उघडण्याआधी प्लग काढला, आणि तरीसुद्धा पॉवर सप्लायच्या कोपऱ्यापासून हात लांब ठेवले. २३० व्होल्टचा एसी पुरवठा आत शिरून डायोडच्या ब्रिजमधून गेला की मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतात, २३० गुणिले १.४१४. प्लग काढला म्हणून ते लगेच जातातच असं नाही. मल्टिमीटर डीसीच्या वरच्या रेंजवर लावून आकडा खाली उतरताना बघितला, मगच स्क्रूड्रायव्हर आत घातला. मी एरवी धांदरट आहे, पण इथे नाही.

आतली यंत्रणा बघून मात्र थक्क व्हायला झालं. दोन खांब फितीला कॅसेटमधून बाहेर काढतात आणि तिरक्या बसवलेल्या ड्रमभोवती अर्ध्या वेढ्याहून किंचित जास्त लपेटतात. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत हा ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या घेतो, आणि फीत बिचारी सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. ड्रमवरून पुढे आलेली फीत गोळा करायची तर कॅसेटची उजवी चकती फिरत राहायला हवी. ती फिरली नाही तर फीत मशीनच्या पोटात साठत जाणार. म्हणून चकती फिरतेय ना यावर मशीन लक्ष ठेवतं, आणि काही सेकंद ती हलली नाही की सगळं थांबवतं. म्हणजे माझा व्हीसीआर बिघडल्यामुळे थांबत नव्हता. आतलं काहीतरी बिघडलंय हे ओळखून तो थांबत होता.

चकती नीट दिसावी म्हणून टेबललॅम्प जवळ ओढला, तर मशीन प्लेच घेईना. तासभर मी काय तोडलं याचा शोध घेत बसले. मग उलगडा झाला: फीत संपली हे व्हीएचएस मशीन उजेडावरून ओळखतं. फितीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी असते. मधला इन्फ्रारेड दिवा तिच्यातून आरपार दिसला की 'फीत संपली' असं मशीन समजतं. झाकण काढलेलं, वरून लॅम्पचा झोत, त्यामुळे दोन्ही बाजूंचे सेन्सर एकाच वेळी 'संपली, संपली' म्हणून ओरडत होते. लॅम्प बंद केला, मोबाइलचा टॉर्च खालून तिरका धरला, आणि दुखणं दिसलं.

दोन चकत्यांच्या मध्ये एक छोटं चाक असतं, त्याला आयडलर म्हणतात. ते झुलत कधी डाव्या, कधी उजव्या चकतीला जाऊन टेकतं आणि तिला फिरवतं. त्याच्या कडेवर एक रबरी कडं असतं. माझ्या मशीनमधलं कडं इतकं गुळगुळीत झालं होतं की चाक फिरत होतं आणि चकती ढिम्म. एवढंच. अख्खा व्हीसीआर 'गेला' म्हणून वीस वर्षं माळ्यावर पडून होता तो एका रबराच्या कड्यापायी.

आधी बारीक पॉलिश पेपरने कडं घासलं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. दोन दिवस मशीन छान चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा घसरायला लागलं, कारण रबर वरून नव्हे, आतूनच कडक झालेलं होतं. मग नळांना लागणाऱ्या ओ-रिंगचा मिसळ आकारांचा डबा घरात होता तो उपसला. खोबणीचा व्यास कॅलिपरने मोजून त्याहून थोडी लहान ओ-रिंग निवडली, म्हणजे ती ताणून घट्ट बसेल. मूळ कडं सपाट होतं, ही गोल. मनात शंका होती. पण बसवली, आणि त्या मॅचची कॅसेट तीन तास न थांबता चालली. मी ती पूर्ण बघितली. कोण जिंकलं ते कॅसेट संपल्यामुळे कळलं नाही.

खऱ्या कॅसेट घालण्याआधी हेड, म्हणजे ड्रमवरची फीत वाचणारी टोकं, साफ केले. यात एकच गोष्ट सांभाळायची: कापसाची काडी वापरायची नाही, तिचे तंतू हेडच्या केसाएवढ्या टोकात अडकतात. जाडसर गुळगुळीत कागद अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला नुसता टेकवून धरायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा. कागद वर-खाली केला तर हेडचं टोक मोडू शकतं. कागदावर तपकिरी रेघ उमटली. मग दुसरा कागद, फिकट रेघ. तिसरा स्वच्छ. फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवल्यावर नवीन मशीन हा विषयच संपला, त्यामुळे एक हेड मोडला असता तर दुसऱ्या कुणाच्या तरी माळ्यावरच्या खोक्याची वाट बघत बसावं लागलं असतं.

व्हीसीआरचं चित्र संगणकात आणायला एक स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर उपकरण उसनं मिळालं. वर्षानुवर्षं न हललेली कॅसेट थेट प्लेला लावायची नाही. आधी एकदा टोकापर्यंत पुढे पळवायची, मग मागे आणायची, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात आणि ताण सारखा होतो. पहिली कॅसेट तीन तासांची. यात घाई नावाचा प्रकारच नाही, तीन तासांच्या फितीला तीन तासच लागतात.

पहिला तास बघायला बसलो तर आजी ओठ हलवतेय आणि आवाज तिच्यामागून धावत येतोय. सुरुवातीला ठीक, तासाच्या शेवटी चांगला सेकंद-दीड सेकंदाचा फरक. मी दोन दिवस सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं. घोळ माझ्याच वायरीचा होता: उपकरणाचं आवाजाचं सॉकेट सैल वाटलं म्हणून आवाजाची वायर मी लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली होती. चित्र मोजणारं घड्याळ उपकरणाचं, आवाज मोजणारं लॅपटॉपचं. दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत, आणि तासाभरात तो फरक ओठांवर दिसायला लागतो. उपकरणाच्या सॉकेटला सोल्डरचा एक डाग दिला, दोन्ही वायरी तिथेच लावल्या, आणि आजी वेळेवर बोलू लागली.

जागेचं गणित मी आधीच करायला हवं होतं. पाल चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. काहीही न दाबता साठवलं तर तासाला ७५ जीबीच्या आसपास. हफवाययूव्ही सारख्या, काही न गमावणाऱ्या पद्धतीने ते अर्ध्यावर आलं. सगळ्या कॅसेट मिळून सव्वीस तास होते, म्हणजे साधारण ९०० जीबी. नव्या डिस्कवर ते मावत होतं. या मूळ फाइली पुढे एफएफव्ही१ मध्ये बदलून ठेवल्या. ही खुली पद्धत आहे, २०२१ मध्ये तिचा आरएफसी ९०४३, म्हणजे जाहीर तांत्रिक दस्तऐवज, प्रसिद्ध झालेला आहे, त्यामुळे उद्या एखादी कंपनी बंद पडली म्हणून फाइल उघडेना, असं होणार नाही. बघण्यासाठी मात्र एच.२६४ ची हलकी प्रत करायची. जुन्या टेपचं चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांचं असतं, ते तसंच ठेवलं तर हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधल्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने त्या काढल्या आणि सेकंदाला पन्नास फ्रेम मिळाल्या. एवढं सगळं जमल्यावर मला वाटलं, संपलं. आता लॅपटॉपवर सर्व्हर टाकायचा की झालं.

लॅपटॉपची बॅटरी फुगलेली होती. टचपॅड वर उचललेला दिसला तेव्हाच खरं म्हणजे थांबायला हवं होतं. मी तो तसाच आठवडाभर वापरला, हे इथे कबूल करते. फुगलेली लिथियम बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, सपाट करायचा प्रयत्न तर मुळीच नाही. तिचे स्क्रू काढले, कनेक्टर सोडवला, वाळूच्या बादलीत ठेवून बाल्कनीत नेली आणि ई-कचऱ्यात जमा केली. बॅटरी गेल्यामुळे लॅपटॉपला फुकटात मिळणारा 'यूपीएस'ही गेला.

डेबियन नावाचं लिनक्स टाकलं, झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून लॉगिनडीच्या फाइलमध्ये एक ओळ बदलली, त्यावर जेलीफिन हे घरातले व्हिडिओ टीव्हीला पुरवणारं सॉफ्टवेअर बसवलं. जेलीफिन निवडण्याचं कारण सोपं: ते मुक्त आहे आणि घरातल्या घरात चालायला त्याला कुणाच्या खात्याची गरज लागत नाही. २०१८च्या अखेरीस एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला स्रोत बंद केला तेव्हा त्याच्या आधीच्या खुल्या आवृत्तीतून काही मंडळींनी ते वेगळं काढलं. ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता आणि ८०९६ पोर्ट टाकलं की सगळी यादी समोर. फक्त मी पहिल्यांदा लायब्ररीचा प्रकार 'चित्रपट' असा निवडला. 'उन्हाळा १९९४' या आमच्या फाइलला त्याने इंटरनेटवरून कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर शोधून लावलं, खाली कलाकारांची यादी. बाबांच्या जागी एक दाढीवाला माणूस. प्रकार बदलून 'घरचे व्हिडिओ' केला. आईचं म्हणणं, तो दाढीवालाच ठेवायचा होता.

भावाच्या टीव्हीचं मी थोडक्यात सांगते, कारण काम किचकट होतं पण कोडं सोपं होतं. आवाज येतो आणि चित्र नाही, तर अंधाऱ्या खोलीत पडद्याला टॉर्च अगदी जवळ तिरका धरून बघायचं. अंधुक मेनू दिसला. म्हणजे पॅनेल जिवंत आहे, मागचा उजेड मेला आहे. मागच्या पट्ट्यांवरचे एलईडी एकामागोमाग एक, एकाच माळेत जोडलेले असतात. एक तुटला की अख्खी माळ विझते. पॅनेल उचलायला दोन माणसं लागतात, आणि त्याच्या कडेच्या पातळ फितींना धक्का लागला तर दुरुस्ती तिथेच संपते. भावाने श्वास रोखून काच धरली. सीआर२०३२ चा एक बटण-सेल एकेका एलईडीला लावत गेलो, सगळे मिणमिणले, एक नाही. त्या मापाची पट्टी बदलली. ३ व्होल्टच्या आणि ६ व्होल्टच्या पट्ट्या दिसायला सारख्याच असतात, मागवताना हे बघावं लागतं. टीव्ही सुरू झाल्यावर सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवरून सत्तरवर आणला. कारखान्यातून येताना तो पूर्ण ठेवलेला होता, आणि एवढा करंट रोज खाऊन एलईडी किती टिकणार?

आता सगळं जोडलं. टीव्हीवर जेलीफिनचं ॲप, लॅपटॉपवर फाइली, समोर आई-बाबा. प्ले दाबलं. दहा सेकंद चित्र, मग गोल फिरणारं चक्र. पुन्हा पाच सेकंद, पुन्हा चक्र. "व्हीसीआरवर तरी दिसत होतं," बाबा म्हणाले आणि उठून गेले.

वायफायला शिव्या घातल्या, वायर टाकली, तेच. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर बघितलं तर तो फाइल जशीच्या तशी न पाठवता दर वेळी नव्याने रूपांतर करत होता, म्हणजे ट्रान्सकोडिंग. का? एच.२६४ तर सगळ्या टीव्हींना चालतं. बराच वेळ फाइलची माहिती वाचत बसल्यावर तिथे ४:२:२ दिसलं. कॅप्चर केलेल्या मूळ फाइलमध्ये रंगांची माहिती ४:२:२ पद्धतीची होती, आणि मी एफएफएमपेगला वेगळं काही सांगितलं नाही म्हणून त्याने ती तशीच पुढे नेली. टीव्हीतल्या चिपला आणि बहुतेक ग्राफिक चिपना फक्त ४:२:०, म्हणजे रंगांचा तपशील याच्या निम्मा असलेली पद्धत, कळते. पिक्सेलचा प्रकार वाययूव्ही४२०पी असा सांगणारा एक शब्द आज्ञेत कमी पडला होता, आणि त्यासाठी सव्वीस तासांच्या फाइली परत बनवाव्या लागणार होत्या.

पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. ५७६ ओळींचं हे इवलंसं चित्र, त्याचं रूपांतर करायला चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत माझं सगळं ऑफिस सांभाळणारा हा प्रोसेसर इतका दमतो कसा? नवीन फाइली बनवायला लावल्या तरी तेच, एका तासाच्या टेपला साडेतीन तास. प्रोसेसरचा वेग बघितला: ८०० मेगाहर्ट्झ. काम नसताना ८०० असतो, ठीक. भरपूर काम असतानाही ८००. गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारं सेटिंग, बदलून पाहिला, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल बदलला, थर्मल पेस्ट बदलली. तापमान ४५ अंशांच्या वर जात नव्हतं, तरी पेस्ट बदलली. का, ते विचारू नका. हातात स्क्रूड्रायव्हर असला की माणूस काहीतरी उघडतोच.

शेवटी वैतागून त्याला एचडीएमआयने टीव्हीला जोडला आणि पुन्हा सुरू केला. पहिल्याच पडद्यावर ठळक अक्षरात सूचना: अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही, सिस्टीम कमी वेगाने चालेल. दर वेळी सुरू होताना तो हेच सांगत होता. पडदा फुटलेला, त्यामुळे मला ते कधी दिसलंच नव्हतं.

काही लॅपटॉपच्या चार्जिंग पिनमध्ये मधोमध सुईसारखी एक जास्तीची पिन असते. वीज तिच्यातून येत नाही. अडॅप्टर किती वॅटचा आहे हे लॅपटॉप तिच्यातून विचारतो. उत्तर आलं नाही तर तो भीत-भीत, सगळ्यात कमी वेगाने चालतो. मल्टिमीटरने पिनवर १९.५ व्होल्ट अगदी व्यवस्थित मिळत होते, म्हणून मी अडॅप्टरला निर्दोष ठरवून बसले होते. पिनजवळची वायर, जिथे ती रोज वाकते, तिथे चार बोटं लांबीची कापली आणि सोलली. एकात एक थर: बाहेर जाळी, तिच्या आत दुसरी जाळी, आणि गाभ्यात केसाएवढी पातळ वायर. तीच तुटलेली. तांब्याचं टोक हिरवट पडलं होतं, म्हणजे तुटून बरेच दिवस झाले असणार.

जुन्या, जळालेल्या अडॅप्टरची पिन-वायर ठेवून दिली होती, ती उपयोगी पडली. तिन्ही थर वेगळे केले, आधी पातळ वायर जोडली. इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, ३५० अंशांवर, फ्लक्स लावून, ६३/३७ चं सोल्डर. ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, त्यामुळे हात हलला तरी सांधा कच्चा राहण्याचा धोका कमी. सांधा चकचकीत, सुंदर झाला. मग लक्षात आलं की हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, नळी आधी ओवायला विसरले. सगळं परत सोडवलं. नळी ओवली, परत जोडलं. धन आणि ऋण एकमेकांना लागत नाहीत ना हे मीटरच्या बीपने तीनदा तपासलं आणि लॅपटॉपला लावण्याआधी पिनवरची धन बाजू पुन्हा मोजली.

वेग २.९ गिगाहर्ट्झ. तासाची टेप तासाभरात. मी खुर्चीत मागे टेकून नुसती तो आकडा बघत बसले.

मग विजेचा मीटर प्लगला लावून मोजलं. नुसता चालू असताना नऊ वॅट, काम करताना बावीस. नऊ वॅटच्या हिशेबाने वर्षाला साधारण ७९ युनिट. घरात पडलेला जुना डेस्कटॉप याच कामाला लावला असता तर तो रिकामा बसूनही ६५ वॅट खातो, म्हणजे वर्षाला ५७० च्या घरात. फुकट मिळालेला जुना संगणक कधी कधी बिलातून आपली किंमत वसूल करतो, हे तो आकडा बघेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

एकदा मात्र दोष खरोखर माझ्या लिहिण्यात होता. डिस्क यूएसबीची. तिच्यामुळे लॅपटॉप सुरू होताना अडकू नये म्हणून एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे चढवायची त्या यादीत, 'नोफेल' लिहिलेलं होतं, आणि ते बरोबरच आहे. एके दिवशी झाडताना डिस्कची वायर सैल झाली, वीज जाऊन आली, लॅपटॉप डिस्कशिवाय निमूट सुरू झाला. रात्री ठरलेल्या वेळी फाइली आणणारी स्क्रिप्ट चालली. ज्या फोल्डरवर डिस्क चढते ते फोल्डर रिकामं का होईना पण होतंच. स्क्रिप्टने सगळं त्यात, म्हणजे लॅपटॉपच्या लहानशा एसएसडीवर, ओतलं. सकाळी एसएसडी शंभर टक्के भरलेली, जेलीफिन बंद. मी आधी नव्या डिस्कवरच संशय घेतला, स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे काढले. बदललेले सेक्टर शून्य, वाट बघणारे सेक्टर शून्य. डिस्क बिचारी ठणठणीत. आता ते रिकामं फोल्डर चॅटरच्या आज्ञेने कुलूपबंद केलंय: डिस्क वर चढलेली नसेल तर त्यात काही लिहिताच येत नाही, स्क्रिप्ट तिथेच कोलमडते आणि मला मेल येतो. डिस्कची वायर टेबलाच्या पायाला बांधली आहे, सुतळीने.

दुसरी प्रत भावाच्या घरी. त्याच्याकडची डिस्क जुनी आहे, पण ती प्रत फक्त आमचं घर जळालं तरच लागेल. बाहेरून बघण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट उघडलं नाही, वायरगार्ड, म्हणजे घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन), वापरलं. ते काम अर्ध्या तासात झालं आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, जे या सगळ्या प्रकरणात एकमेव आहे.

बाबांना पुन्हा बोलावलं. या वेळी चक्र फिरलं नाही. आजी ओसरीत बसून कॅमेऱ्याकडे बघत होती आणि कॅमेऱ्यामागून बाबांचा तरुण आवाज आला, "आई, काहीतरी बोल ना." आजी म्हणाली, "काय बोलू? ते बंद कर आधी." आईने ते चार वेळा मागे नेऊन बघितलं. बाबांनी विचारलं, "आता यात तो गोल फिरत नाही?" नाही म्हटल्यावर त्यांनी रिमोट स्वतःकडे घेतला.

दहा कॅसेट झाल्या. अकराव्या कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरट लव दिसते, बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घातली तर बुरशी हेडला आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, म्हणून ती वेगळ्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवली आहे. तिच्यावर बाबांच्या अक्षरात 'रिकामी' असं लिहिलंय. बाबांना विचारलं तर म्हणाले, "रिकामीच आहे, टाकून दे." पण खिडकीतून दिसतं की फीत निम्मी डाव्या चकतीवर आहे आणि निम्मी उजव्या. आणि पाठीवरची ती छोटी प्लॅस्टिकची पट्टी, जी मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होत नाही, ती मोडलेली आहे. रिकाम्या कॅसेटची पट्टी कोण मोडतं? मॅचच्या कॅसेटचं कवच काढून धुऊन वाळत घातलंय. पाच स्क्रू आहेत. येत्या रविवारी उघडते.